क्रूझचं तिकीट काढण्याआधी: जहाजावर कोण असेल आणि पिण्याचं बिल किती येईल

बडोद्याहून क्रूझला निघणारं कुटुंब एजंटला हमखास दोन गोष्टी विचारतं. शाकाहारी किंवा जैन जेवण मिळेल का, आणि बाल्कनीची केबिन केवढ्याला पडेल. प्रश्न रास्तच आहेत, पण सहलीचा विचका होतो तो बहुतेक वेळा भलत्याच कारणाने. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना हौसेने न्यावं आणि केबिनच्या डोक्यावरच्या डेकवर रात्री दोनपर्यंत डीजे वाजत राहावा. किंवा नवऱ्याला रोज दोन बिअर हव्या होत्या एवढ्यासाठी न पिणाऱ्या बायकोच्या नावावरही अनलिमिटेड पॅकेज (रोजचा ठरलेला दर भरून हवं तेवढं पिण्याची सोय) चढावं. जहाजावर कोणत्या वयाची माणसं असतील आणि ड्रिंक्स पॅकेज घ्यावं की नाही, या दोन्हींचा अंदाज पैसे भरण्याआधी बांधता येतो. शिवाय या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कशा, ते पुढे येईलच.

वयाचा अंदाज कशावरून

कोणत्या फेरीला किती वयाचे प्रवासी आहेत हे कंपन्या सांगत नाहीत. एजंटला विचारलं तर "सगळ्या वयाचे असतात हो" एवढंच उत्तर मिळतं, त्यामुळे खुणा स्वतः वाचाव्या लागतात.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे रात्रींची संख्या. दोन ते चार रात्रींच्या फेरीला नोकरदार, मित्रांची टोळकी आणि लहान मुलांची कुटुंबं असतात, कारण त्यांना तेवढीच रजा मिळते. शुक्रवारी निघून रविवारी परतणारी फेरी असेल तर ती जवळपास पार्टीच समजा. सात रात्रींच्या फेरीत सगळी सरमिसळ असते. दहा-चौदा रात्रींच्या पुढे गेलं की शाळा आणि नोकरी असलेली माणसं आपोआप गळतात आणि निवृत्त मंडळी उरतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या किंवा जानेवारीत सुटून तीन-चार महिने जगभर फिरणाऱ्या फेऱ्यांवर पन्नाशीतला माणूसही तरुणांत मोडतो.

दुसरी खूण तारीख. इथे आपलं गुजरातचं कॅलेंडर पुढ्यात घेऊनच बसावं. दिवाळीत शाळांना तीनेक आठवड्यांची सुट्टी असते आणि पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बडोद्याच्या मांडवी-मंगळबाजारापासून सुरतेपर्यंत अर्धी दुकानं बंद असतात. गुजरातचा व्यापारी वर्ग सहकुटुंब बाहेर पडतो तो याच आठवड्यात. तेव्हा मुंबईहून किंवा सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर पूल मुलांनी भरलेला असणार, बुफेला रांग असणार आणि डेकवर गरबाही रंगणार. आठ-दहा वर्षांची मुलं बरोबर असतील तर याहून चांगला आठवडा नाही, त्यांना पहिल्या दिवशीच दोस्त मिळतात. निवृत्त जोडप्याने मात्र लाभपाचम उलटू द्यावी आणि जानेवारी-फेब्रुवारीतली सोमवारी किंवा मंगळवारी सुटणारी फेरी पाहावी. भाडंही बहुधा उतरलेलं असतं.

परदेशी फेऱ्यांना तिकडच्या सुट्ट्या लागू होतात. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर सुट्टी असते. युरोपात जुलै-ऑगस्ट मुलांचे, तर सप्टेंबर-ऑक्टोबर पांढऱ्या केसांचे. अमेरिकेत मार्चमध्ये कॉलेजची सुट्टी पडते आणि कॅरिबियनकडच्या छोट्या फेऱ्या तरुणांनी ओसंडून वाहतात. अलास्काला मे आणि सप्टेंबर या दोन टोकांच्या महिन्यांत वयस्कर जास्त, मधल्या महिन्यांत कुटुंबं. "मुलं मोफत" अशी ऑफर दिसली की तिची छोट्या अक्षरातली वगळलेल्या तारखांची यादी नीट वाचा. जिथे मुलं एरवीही येणारच आहेत, नेमक्या तिथे सवलत नसते.

तिसरी खूण फारसं कुणी पाहत नाही, पण ती झटकन कळते. प्रत्येक जहाजाच्या माहितीत प्रवाशांचे दोन आकडे दिलेले असतात. एक दर केबिनला दोन माणसं धरून, दुसरा सगळ्या खाटा भरल्या तर होणारा. या दोहोंत जितकं अंतर जास्त, तितक्या तिसऱ्या-चौथ्या खाटा जास्त, आणि त्या खाटांवर बहुतेक मुलंच झोपतात. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या रॉयल कॅरिबियनच्या 'आयकॉन ऑफ द सीज'चा पहिला आकडा ५,६१० आणि दुसरा सुमारे ७,६००. म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात दोन हजारांच्या आसपास जादा प्रवासी सहज चढू शकतात. याउलट वायकिंग कंपनीची समुद्रातली जहाजं ९३० किंवा ९९८ प्रवाशांची असतात आणि केबिन दोघांचीच.

मग डेकचा नकाशा उघडा. पाण्याच्या घसरगुंड्या, मुलांच्या क्लबचे वेगवेगळे विभाग, लेझर टॅग, गो-कार्ट दिसलं तर जहाज कुणासाठी बांधलंय ते उघड आहे. वाचनालय, पत्त्यांची खोली आणि व्याख्यानांचं वेळापत्रक दिसलं तर तेही उघड आहे. मुलांच्या क्लबला बहुतेक ठिकाणी वयाची तीन वर्षं पूर्ण लागतात आणि मूल लंगोटाबाहेर आलेलं असावं लागतं, त्यामुळे अडीच वर्षांच्या बाळाला 'क्लबमध्ये सोडू' असं गृहीत धरून निघालेले आई-बाप पहिल्याच दिवशी अडकतात. तान्ह्या बाळाला साधारण सहा महिने पूर्ण हवेत, आणि सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच जाणार असतील तर बारा महिने. गरोदर बाई २४ वा आठवडा लागल्यावर चढू शकत नाही, आणि हे सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजलं जातं.

मुलंच नकोत तर तशा कंपन्याही आहेत. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत, पी अँड ओची 'आर्केडिया' आणि 'ऑरोरा' ही जहाजं फक्त प्रौढांची, आणि ब्रिटनची सागा पन्नाशीच्या पुढच्यांची. पण मुलं नाहीत म्हणजे शांतता असेल, असं समजू नका. वायकिंगवर कसिनोसुद्धा नसतो आणि रात्री दहाला डेक ओस पडतात. व्हर्जिनवर मध्यरात्रीनंतर खरी सुरुवात होते. दोन्ही जहाजं प्रौढांचीच, पण एकाचा प्रवासी दुसऱ्यावर कंटाळेल किंवा वैतागेल.

आपल्याकडची आणखी एक खास बाब म्हणजे ग्रुप. मुंबई आणि सिंगापूरच्या जहाजांवर एखाद्या कंपनीची डीलर मीट, विक्रेत्यांना बक्षीस म्हणून दिलेली सहल किंवा अख्खं लग्न चढलेलं असतं. मग थिएटर दुपारभर त्यांच्यासाठी राखीव, बार त्यांनी व्यापलेला, आणि तुम्ही बाहेर. "या तारखेला मोठा ग्रुप आहे का?" हे एजंटला सरळ विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

जवळचे दोन पर्याय

बडोद्यापासून मुंबई रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर, त्यामुळे पहिला विचार कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचा होतो. तिचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मधलं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, आणि २०२१ पासून भारतात चालू लागलं. आजच्या मानाने लहान, सुमारे ४८ हजार टनांचं, म्हणून कोपरे कमी. डीजे नको असेल तर पळायला फार जागा नाही. शनिवार-रविवारच्या छोट्या फेऱ्यांना मित्रमंडळी जास्त, लक्षद्वीपच्या पाच रात्रींच्या फेरीला कुटुंबं जास्त. लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीत उतरून बेटावर जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना ही चढ-उतार झेपेल का, ते आधीच बघा. लाटा जास्त असतील तर उतरणं रद्दही होतं. आणखी एक गंमत अशी की बंगाराम सोडलं तर लक्षद्वीपच्या बेटांवर दारूबंदी आहे, त्यामुळे दारूबंदीच्या राज्यातून निघून ओल्या जहाजाने पुन्हा कोरड्या बेटावर पोचल्यासारखं होतं. बारमधला ग्लास हातात घेऊन उतरता येत नाही.

दुसरा पर्याय सिंगापूर. 'गेंटिंग ड्रीम' २०२२ पासून तिथून सुटते, दोन-तीन-चार-पाच रात्रींसाठी. भारतीय प्रवासी इतके असतात की भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय जहाजावर कायमची आहे. जहाज मोठं, दीड लाख टनांचं, केबिनला दोघं धरले तर ३,३५२ प्रवाशांचं. मोठ्या जहाजाचा फायदा असा की तीन पिढ्या एकाच वेळी तीन ठिकाणी जाऊ शकतात. आजी-आजोबांसाठी केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. तिच्या वर आणि खाली दुसऱ्या केबिनच आहेत, थिएटर किंवा नाइट क्लब नाही, एवढं नकाशात तपासा.

पॅकेजचा हिशेब

ड्रिंक्स पॅकेज म्हणजे खानावळीचं मासिक कूपन. जेवलात तरी पैसे, गावाला गेलात तरी पैसे. जाहिरातीतला रोजचा आकडा वाचून निर्णय घेऊ नये, त्यात चार गोष्टी मिळवाव्या लागतात.

पहिली, त्यावर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज चढतो. दुसरी, ते अख्ख्या सफरीसाठीच घ्यावं लागतं. आज पितो, उद्या नाही असं चालत नाही. तिसरी, पैसे रात्रींवर मोजतात आणि पहिला दिवस पूर्ण धरतात, मग तुम्ही दुपारी तीनला का चढेनात. चौथी, दर फेरीप्रमाणे बदलतो आणि निघण्याआधी ऑनलाइन घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. चढल्यावर बारपाशी उभं राहून घेतलेलं पॅकेज सगळ्यात महाग.

आता आकडे घालून बघू. आंतरराष्ट्रीय जहाजावर रोजचा दर ७५ डॉलर धरा. १८ टक्के मिळवले की ८८.५०. कॉकटेल १४ डॉलरची, चार्जसकट १६.५२. बिअर ८ डॉलरची, चार्जसकट ९.४४. म्हणजे पैसे वसूल व्हायला रोज सहा कॉकटेल किंवा दहा बिअर प्याव्या लागतील. रोज, सात दिवस. पिणाऱ्यांतही असे फार थोडे, आणि पन्नाशीपुढे तर जवळपास कुणी नाही. शिवाय पॅकेजमध्ये कॉफी, सोडा, बाटलीबंद पाणीही येतं. ते रोज दहा-बारा डॉलरचं लागत असेल तर एखादी कॉकटेल कमी धरा.

बंदरात उतरायचे दिवस मोजा. भूमध्य समुद्राच्या फेरीत जवळपास रोज एक गाव असतं, माणूस सकाळी आठला उतरतो आणि संध्याकाळी पाचला थकून परततो. तिथे पॅकेज क्वचितच वसूल होतं. सलग पाच-सहा दिवस समुद्रातच असणाऱ्या, अटलांटिक ओलांडण्यासारख्या लांब फेरीत हिशेब पालटतो, कारण बाहेर जायला जागाच नसते. म्हणजे ज्या फेऱ्यांवर वयस्कर प्रवासी जास्त, त्यांच्यावरच पॅकेज वसूल व्हायची संधी जास्त, आणि तेच कमी पितात. कंपन्यांना हे नेमकं ठाऊक आहे.

अनलिमिटेड या शब्दालाही कुंपणं असतात. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये चोवीस तासांत दारूचे १५ ग्लास, एका वेळी एक, आणि दोन ग्लासांमध्ये निदान पाच मिनिटांचं अंतर. प्रिन्सेसच्या प्लस पॅकेजमध्येही १५ ची मर्यादा आहे. बहुतेक कंपन्या एका ग्लासची कमाल किंमत ठरवतात, तिच्यावरची रक्कम वेगळी लागते. पॅकेज नावावर असतं, आपला ग्लास दुसऱ्याला देताना सापडलात तर ते रद्द होऊ शकतं. रूममध्ये मागवलेलं आणि मिनीबारमधलं बहुधा धरत नाहीत. डिस्नेच्या जहाजांवर तर दारूचं अनलिमिटेड पॅकेज मिळतच नाही.

केबिनचा नियम, जिथे पैसे जातात

आपल्या कुटुंबांना सगळ्यात महाग पडणारा नियम हा आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलसारख्या कंपन्यांत केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून हा नियम. पण बडोद्याच्या घरात नवरा घेतो आणि बायको घेत नाही हे चित्र नेहमीचं, त्यामुळे दोन बिअरच्या हौसेपायी दुप्पट दंड बसतो. वरच्याच दराने सात रात्रींचे दोघांचे १,२३९ डॉलर होतात. डॉलर ९० रुपयांचा धरला तर एक लाख ११ हजारांच्या वर. तोच नवरा रोज दोन बिअर आणि एक कॉकटेल सुटी विकत घेईल तर आठवड्याला २४८ डॉलर. फरक हजार डॉलरचा.

वयाचा आणि पॅकेजचा धागा गुंततो तो इथेच. रॉयल कॅरिबियनच्या उत्तर अमेरिकेहून सुटणाऱ्या फेऱ्यांवर पिण्याचं वय २१, आशिया आणि युरोपातल्या फेऱ्यांवर १८. म्हणजे १९ वर्षांचा कॉलेजातला मुलगा मायामीच्या जहाजावर मूल ठरतो आणि सिंगापूरच्या जहाजावर प्रौढ. सिंगापूरला तो आई-वडिलांच्या केबिनमध्ये असेल आणि वडिलांनी पॅकेज घेतलं, तर त्याच्यासाठीही पैसे मोजावे लागणार, मग तो कोकाकोलावर खूश असला तरी.

सहा जणांचं कुटुंब घ्या: आजी, आजोबा, मुलगा, सून, १९ वर्षांचा नातू, १३ वर्षांची नात. पितात फक्त आजोबा आणि मुलगा. नेहमीच्या पद्धतीने एक केबिन आजी-आजोबांची आणि एक चौघांची घेतली, तर पॅकेज लागतील पाच. तेच आजोबा आणि मुलगा एका केबिनमध्ये, आणि आजी, सून, नातू, नात दुसऱ्या चौघांच्या केबिनमध्ये ठेवले तर दोन. चार रात्रींच्या फेरीत तीन पॅकेजचे १,०६२ डॉलर वाचले. केबिन शेजारी शेजारी किंवा मधल्या दाराने जोडलेल्या मागा, म्हणजे गैरसोय होत नाही. मात्र कागदावर एक आणि झोपायला दुसरी असं करू नका. आणीबाणीत जमायची जागा केबिननुसार ठरते आणि माणसं त्याच यादीवरून शोधली जातात.

केबिन बदलणं जमत नसेल तर कंपनीला बुकिंगआधी विचारा. गरोदरपण, औषधं किंवा इतर कारणासाठी न पिणाऱ्याला बिनदारूचं पॅकेज चालवून घेण्याची सवलत काही वेळा मिळते. तोंडी आश्वासन जहाजावर उपयोगी पडत नाही, ईमेल हवा.

बिनदारूच्या पॅकेजबद्दलही एक शब्द. त्यात मॉकटेल, ताजा रस, मशीनची कॉफी, शीतपेयं येतात आणि दर रोज तीसेक डॉलर किंवा जास्त. ते घेण्याआधी फुकट काय मिळतं ते बघा. पिण्याचं पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत आणि न्याहारीला रस बुफेत असतोच. जहाजावरच्या नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, त्यामुळे दोन रिकाम्या बाटल्या घरून नेल्या की बाटलीबंद पाण्याचा खर्च संपला. दिवसाला तीन शीतपेयं रिचवणारा किशोरवयीन नातू असेल तर फक्त सोड्याचं छोटं पॅकेज परवडतं, आणि ते बहुधा एकट्यासाठी घेता येतं. आलं घातलेला चहा मात्र कुठल्याच पॅकेजात नाही, सोबत पूड न्या.

वयस्करांच्या बाबतीत पैशांपलीकडचीही एक गोष्ट आहे. जहाज लागू नये म्हणून लोक अव्होमिन घेतात आणि तासाभराने बारमध्ये बसतात. अव्होमिनने आधीच झोप येते, त्यावर दारू पडली की तोल जातो, आणि हलत्या जहाजावर पाय घसरून मोडलेलं हाड म्हणजे पुढच्या बंदरातलं हॉस्पिटल. नशेत झालेली इजा प्रवासविम्यातून बहुधा वगळलेली असते, पॉलिसीत ते वाक्य शोधून ठेवा. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

परतीची बाटली

जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानात किंवा बंदरात घेतलेली बाटली कंपनी काढून ठेवते आणि शेवटच्या संध्याकाळी किंवा उतरताना हातात देते. परदेशातून येणाऱ्याला भारतीय कस्टममध्ये दोन लिटरपर्यंत दारूवर सूट आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. ती सूट फक्त आयातशुल्कापुरती आहे. गुजरातची दारूबंदी १९४९ च्या कायद्याने चालते, २०१७ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा वाहतुकीची शिक्षा फार कडक झाली आहे, आणि कस्टमची पावती दाखवून राज्यात दारू आणता येत नाही. परमिट नसेल तर मुंबईहून गाडीने येताना भिलाडच्या नाक्यावर किंवा रेल्वेने बडोद्याच्या फलाटावर ती बाटली अंगाशी येते. प्यायलेल्या अवस्थेत राज्यात शिरणंही तितकंच धोक्याचं. जहाज मुंबईला सकाळी लागतं, त्यामुळे आदल्या रात्रीचा शेवटचा ग्लास लवकर ठेवलेला बरा. मुंबईतल्या भावासाठी किंवा व्याह्यांसाठी बाटली घ्यायची असेल तर ती त्यांच्या घरी पोचती करूनच बोरिवलीला गाडीत बसा.